आत्याची सही

मॅडम,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावची. पाच वर्षांच्या लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी राज्यशास्त्र, समाजशास्त्र होतं, ते आवडलं. यंदा करार कायदा सुरू झाला आणि दोन वेगळ्याच कॉलेजांत शिकतेय असं वाटायला लागलं. सर कलम वाचतात, निकालाचं नाव सांगतात, आम्ही लिहून घेतो.

आजोबा २०१४ साली वारले, मृत्युपत्र नव्हतं. आजी त्याआधीच गेली. वडिलोपार्जित सहा एकर जमीन. वारस माझे वडील, काका आणि आत्या. आत्याचं लग्न १९८८चं. मागच्या मे महिन्यात तिने हक्कसोडपत्र करून दिलं. आम्ही सगळे तिच्याबरोबर रजिस्टर ऑफिसला गेलो होतो. ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. घरी आल्यावर आईने तिला साडीचोळी केली. वर्गात 'मुक्त संमती' सुरू असताना मी विचारलं, याला मुक्त संमती म्हणायचं का? सर म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही, आणि घरचं घरी." काका तालुका कोर्टात वकील आहेत. ते म्हणतात, "समाजशास्त्र कोर्टात उभं राहत नाही, कलमं पाठ कर." माझी एक सीनियर नेमकं उलट सांगते: कलमं वरवरची, कायदा म्हणजे सत्तेचं हत्यार, आधी ते समजून घे.

आजूबाजूचं बघत कायदा शिकायला गेले तर मार्क जातील का? आणि नाही बघितलं तर मी कसली वकील होणार?

– एक विद्यार्थिनी


अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'ती दिवसभर कुणाशी बोलली नाही' इथे थांबले. तुला हे दिसलं, याचा मला आनंद झाला. पण नुसतं दिसून भागत नाही, आणि तिथे तुझ्या काकांचं थोडं ऐकावं लागणार आहे. ते पुढे.

आधी आत्याचा हिशोब मांडू, कारण तो वर्गातच फळ्यावर व्हायला हवा होता. १९५६चा हिंदू वारसा कायदा जसाच्या तसा राहिला असता तर सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानेच वाटा असलेले, तिघंच: आजोबा आणि त्यांचे दोन मुलगे. आजोबांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असं कायदा धरून चालतो. प्रत्येकी दोन एकर. मग आजोबांच्या दोन एकरांत तिन्ही मुलं सारखी. आत्याला मिळाला असता एक नवमांश, म्हणजे सव्वीस-सत्तावीस गुंठे. ९ सप्टेंबर २००५पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलगीही जन्मानेच सहदायाद झाली. आता तोच हिशोब चौघं सहदायाद धरून पुन्हा कर. तिचा वाटा येतो एक तृतीयांश. पुरते दोन एकर, ऐंशी गुंठे.

सत्तावीसचे ऐंशी झाले ते काही आत्याने अर्ज केला म्हणून झाले नाहीत. त्यामागे पन्नास वर्षांची ओढाताण आहे. हिंदू कोड बिल रखडलं आणि इतर कारणांबरोबर त्या कारणानेही डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. त्यातल्या वारसा कायद्यात मुलीला बापाच्या वाट्यात वाटा मिळाला, पण सहदायकीच्या उंबऱ्याबाहेरच ठेवलं. राहत्या घराची वाटणी तर भावांनी मागितल्याशिवाय तिला मागताच यायची नाही. तसं कलम २३च होतं. मग १९९४. महाराष्ट्राने त्या वर्षी महिला धोरण आणलं आणि वारसा कायद्यातही राज्यापुरती दुरुस्ती केली: मुलगी जन्मतः सहदायाद. फक्त एक पाचर मारून ठेवली, की २२ जून १९९४पूर्वी लग्न झालेल्या मुलींना हे लागू नाही. तुझी आत्या १९८८ची. म्हणजे लग्नात जे दिलं तोच तिचा वाटा, ही ओसरीवरची समजूत विधिमंडळाने कायद्यात लिहून टाकली. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीत ती पाचर निघाली, कलम २३ही गेलं. वडील २००५ साली हयात असावे लागतात की नाही यावर पुढे पंधरा वर्षं कोर्टांत खल चालला, तो सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये मिटवला.

आता हे राजकारण झालं, समाजशास्त्र झालं की कायदा झाला? मला तरी शिवण सापडत नाही. वारसा कायद्यातल्या सहदायकीच्या कलम ६ची जुनी भाषा आणि नवी भाषा शेजारी ठेवून वाच, मधली प्रत्येक खोडाखोड कुणीतरी कुणाशी तरी भांडून केलेली आहे.

आणि एवढं सगळं होऊन ऐंशी गुंठे दारात आले, तेव्हा मे महिन्यातल्या एका दुपारी आत्याने ते सही करून परत दिले. याचं उत्तर कुठल्याच कलमात नाही. ते तुझ्या आईने केलेल्या साडीचोळीत आहे. भाऊबीजेला यायला दार उघडं राहावं, उद्या नवऱ्याशी बिनसलं तर चार दिवस टेकायला जागा असावी, मरताना माहेरची माणसं यावीत, यासाठी बायका वाटा सोडतात. दोन एकरांच्या बदल्यात माहेर. माझ्या ऑफिसात अशा किती सह्या झाल्या असतील याची मोजदाद नाही. काही मसुदे मीच केलेले आहेत. त्यामुळे तुझ्या काकांकडे बोट दाखवण्याचा मला अधिकार नाही.

आता तुझ्या सरांचं कलम घे. करार कायद्यात संमती मुक्त कधी, तर ती धाकदपटशा, अनुचित प्रभाव, फसवणूक, चुकीचं निवेदन किंवा चूक यांतून आलेली नसेल तेव्हा. अनुचित प्रभाव म्हणजे एक जण दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असणं आणि त्या स्थितीचा वापर करून गैरवाजवी फायदा घेणं. भाऊ बहिणीच्या बाबतीत त्या स्थितीत असतो का? पुस्तक गप्प आहे. कोर्ट विचारेल: दस्त तिला कुणी वाचून दाखवला? तिला स्वतंत्र सल्ला मिळाला होता का? सोबत कोण गेलं होतं? तिचं शिक्षण किती? मोबदला काय? हे सगळे प्रश्न समाजाचेच आहेत, फक्त उलटतपासाच्या कपड्यात आलेले. ते कुणाला सुचतील? ज्याने ती दुपार पाहिली आहे त्याला.

हा 'संमती' शब्द जरा धरून ठेव. त्याच्या मागे गेलीस तर वर्षभराचा अभ्यास होईल.

भारतीय करार कायदा १८७२चा. त्यानंतर तीनच वर्षांनी, १२ मे १८७५ला, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ओढून काढून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून शाळेत चार ओळी वाचल्या असशील. मला त्यात भिडतं ते हे की माणसांपेक्षा राग कागदावर होता. जिथे सावकाराने रोखे काढून दिले तिथे बहुतेक वेळा हाणामारी झालीच नाही. का, तर कोर्टात कागदच बोलायचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला भाव आला तेव्हा कर्ज सढळ मिळालं. युद्ध संपलं, भाव कोसळला, वर सरकारने सारा वाढवला. त्यात १८५९चा मुदतीचा कायदा. तो केला होता कर्जदारांच्या भल्यासाठी: तीन वर्षांनंतर जुन्या कर्जावर दावा चालणार नाही. सावकाराने काय केलं? दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेतला, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून. कुणब्याने अंगठा उठवला. कोर्टापुढे कोरा करकरीत करार, दोन्ही बाजूंची संमती, साक्षीदार हजर. हुकूमनामा व्हायला कितीसा वेळ लागणार?

मग चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. त्यातली एक तरतूद मला फार आवडते. न्यायाधीशाने रोख्यावर थांबायचं नाही, रोख्याच्या पाठीमागे जायचं. व्यवहार पहिल्यापासून कसा होत गेला ते उकरायचं, मुद्दल किती, व्याज किती ते वेगळं करायचं. सरांनी तुला घरचं घरी ठेवायला सांगितलं, पण तुझ्याच जिल्ह्यात दीडशे वर्षांपूर्वी कायद्यानेच न्यायाधीशाला शेतकऱ्याच्या घरात शिरून बघायला सांगितलं होतं.

दुसरं ठिकाण देसाईगंज. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली. मार्च १९७२मध्ये पोलीस चौकीत एका कोवळ्या वयाच्या आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. नातेवाईक बाहेर अंधारात थांबलेले. खटला 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' म्हणून तुझ्या पुस्तकात असेल, लोक त्याला मथुरा प्रकरण म्हणतात. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. म्हटलं की निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती. तिन्ही कोर्टांपुढे कायदा एकच होता बघ, एका अक्षराचाही फरक नाही. फरक होता तो रात्रीच्या वेळी चौकीत खाकीसमोर उभी असलेली गरीब मुलगी काय करू शकते, याच्या कल्पनेत.

पुढच्या वर्षी चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर. पहिले दोघं दिल्लीत, नंतरचे दोघं पुण्यात शिकवणारे. कायद्याचे मास्तर, तुझ्या सरांसारखेच. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. संमती आणि शरणागती यांतला फरक त्यांनी निकालातल्याच वस्तुस्थितीवर बोट ठेवून दाखवला. फेरविचार झाला नाही, पण मोर्चे निघाले, संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतल्या अशा गुन्ह्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर ती नव्हती असंच कोर्टाने गृहीत धरायचं. आजच्या नव्या साक्ष्य कायद्यातही ते कायम आहे. मला विद्यार्थी विचारतात की खुल्या पत्राने काय होतं. मी त्यांना ते गृहीतकाचं कलम वाचायला लावते.

आता काका. ते निम्मे बरोबर आहेत, आणि तो निम्मा भाग तुझ्या सीनियरला कुणीतरी सांगायला हवा.

महाडचं चवदार तळं तुला माहीत आहे. २० मार्च १९२७. पुढचं फार कमी जणांना माहीत असतं. त्या डिसेंबरमध्ये दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावला आणि मनाई हुकूम आणला: तळं आमच्या खासगी वहिवाटीचं, अस्पृश्यांनी पाणी घ्यायचं नाही अशी पूर्वापार रूढी. बाबासाहेबांनी मनाई हुकूम मोडला नाही. मनुस्मृती जाळली, पण तळ्याचं पाणी घेतलं नाही. ते कोर्टात लढले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ला. दहा वर्षांनी. जिंकले कशावर? समतेवर नाही. संविधानातलं समतेचं कलम १४ अजून जन्मायचं होतं. जिंकले ते नगरपालिकेच्या मालकीवर आणि रूढीच्या पुराव्यावर. कायद्याच्या लेखी रूढी अनादी असावी लागते. तशी ती सिद्ध झाली नाही, दावा फेटाळला. खंडपीठात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड होते, १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच.

जातिव्यवस्थेचा बाबासाहेबांइतका अभ्यास दुसऱ्या कुणाचा होता? तरी कोर्टात त्यांनी काढलं काय, तर तळं कुणाच्या नावावर आहे. दप्तर. नोंदी. बाहेर परिषदेत त्यांनी वेगळी भाषा वापरली, कारण तिथे काम वेगळं होतं. म्हणून काकांना वाकून नमस्कार कर आणि कलमं पाठ कर. खरंच कर. शब्द न शब्द. तुझ्या सीनियरचं वाक्य सभेत टाळ्या घेईल, पण सत्तेचं हत्यार म्हणणाऱ्याने निदान त्याची मूठ कुठे आणि पातं कुठे एवढं तरी बघितलेलं असावं.

काकांचा निम्मा चुकलेला भाग त्यांच्या स्वतःच्याच वकिलीत दिसेल. कुठला साक्षीदार पोळ्याच्या आधी आणायचा, पाटलाच्या विरोधात कोण जबाब देईल आणि ऐन वेळी कोण फिरेल, कुठल्या तलाठ्याकडे फेरफार अडतो, हे त्यांना तोंडपाठ असणार. त्यालाच पुस्तकात समाजशास्त्र म्हणतात. फक्त त्यांना ते आपोआप येतं म्हणून त्याचं नाव ठाऊक नाही.

मला ते येत नव्हतं. १९९३ साली मी पोटगीचा एक अर्ज लढवला. तेव्हा फौजदारी संहितेत पोटगीची कमाल मर्यादाच महिना ५०० रुपये होती. मी ४०० मिळवले आणि जाम खूश झाले. बाईने हुकुमाची नक्कल घडी करून दुधाच्या पिशवीत घातली. नवऱ्याने दमडी दिली नाही. वसुलीला पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. थकबाकी झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज नाही केला तर तेवढ्या पैशांवर पाणी. ती चाळीस किलोमीटरवरून एसटीने यायची आणि प्रत्येक तारखेला तिची मजुरी बुडायची. तिसऱ्या तारखेनंतर ती आलीच नाही. मी फाइल बांधून ठेवली. दोन-अडीच वर्षांनी एसटी स्टँडवर भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, कागद हाय अजून." मला पोटगीचं कलम १२५ पाठ होतं. एसटीचं तिकीट किती आणि खुरपणीची मजुरी किती, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मार्कांचं विचारलंस. मार्क जात नाहीत, जर क्रम पाळलास तर. उत्तरात आधी कलम, त्यातले घटक, मग निकाल. आणि मग तीन-चार ओळी संदर्भाच्या, साल आणि वस्तुस्थितीसकट. 'समाजात स्त्रियांवर अन्याय होतो' असलं वाक्य तपासनीस डोळे मिटून ओलांडतो. 'कलम २३ २००५पर्यंत मुलीला घराची वाटणी मागू देत नव्हतं' हे ओलांडता येत नाही. गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच वापर, माझी काही हरकत नाही. फक्त महिन्याला एक निकाल पूर्ण वाच, आणि शक्य तर एकाच खटल्याचे खालपासून वरपर्यंतचे सगळे. आधी वस्तुस्थितीचा भाग वाचून पुस्तक मिटव. त्यातली माणसं कोण आहेत, पोटापाण्याला काय करतात, न्यायमूर्तींनी कुणाचं वर्णन तीन ओळींत केलं आणि कुणाचं एका शब्दात, हे वहीत लिही. मग उरलेला निकाल वाच. किती वेळा वस्तुस्थिती कशी मांडली आहे त्यावरूनच निकाल ओळखता येतो ते बघ, गंमत वाटेल.

सुट्टीत काकांबरोबर कोर्टात जा, पण नुसती आत बसू नकोस. व्हरांड्यात बस. पुकारा झाल्यावर कोण धावत येतं, कुणाला आपलं नाव पुकारलेलं कळतच नाही, डबा कोण आणतं. एक दिवस रजिस्टर ऑफिसच्या बाकावर काढ. हक्कसोडीला आलेल्या बायका तुला लांबूनही ओळखू येतील. आता तुला ते कळतं.

राहिली आत्या. मी तुझ्या घरात भांडण लावायला बसलेले नाही, आणि तिने राजीखुशीने वाटा सोडला असेल तर तो तिचा निर्णय आहे. असंही असू शकतं, हे विसरू नकोस. गप्प बसण्याची कारणं अनेक असतात. पण असा दस्त रद्द करून मागायला, आपल्या संमतीत काय खोट होती ते कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. तीनच, १८५९सारखी. दावा कर असं मी सांगत नाही. एवढंच कर: दस्ताची नक्कल काढ आणि आत्याकडे जा. तिच्या सासरी जा, तिला माहेरी बोलावू नकोस. दुपारी घरात कुणी नसताना तो कागद तिला सावकाश वाचून दाखव, गट नंबर आणि क्षेत्रासकट. ऐंशी गुंठे म्हणजे तिच्या वाट्याचं नेमकं कुठलं वावर, ते तिला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. वाचून झालं की तू काही बोलू नकोस.

ती काय म्हणाली ते मला कळव. छापणार नाही.